देवाने इस्राएलाला सोडलं का? (रोमकरांस ९ ते ११)

चौलवाट (धागाकर्ती)

रविवारच्या शाळेतल्या मोठ्या मुलांना सध्या मी बायबलमधलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र शिकवते आहे. आठव्या अध्यायापर्यंत सगळं सुरळीत जातं. नवव्याला हात घातला की पाळकांपासून पालकांपर्यंत प्रत्येकाचं मत वेगळं. कुणी म्हणतं, इस्राएलाने ख्रिस्ताला नाकारलं म्हणून देवाने त्यांना बाजूला केलं आणि त्यांची सगळी वचनं मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या, नावावर झाली. कुणी म्हणतं, इस्राएलाची योजना वेगळी आणि मंडळीची वेगळी, दोन्ही समांतर चालतात. आणखी काहींचं म्हणणं, यहुद्यांना त्यांचा करार पुरेसा आहे, येशूबद्दल त्यांच्याशी बोलायचं कारणच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. देवाने इस्राएलाशी केलेला करार मोडलेला नाही. तो मोडला असं धरलं तर तुमच्या-माझ्या तारणाला काही आधार उरत नाही. आठव्या अध्यायाच्या शेवटी पौल लिहितो की देवाच्या प्रीतीपासून आपल्याला कोणतीच गोष्ट वेगळी करू शकणार नाही. हे ऐकल्यावर रोममधल्या कुणीही विचारलं असतं, मग इस्राएलाचं काय? त्यांनाही देवाने शब्द दिला होता ना? पुढचे तीन अध्याय हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते मध्येच घुसवलेलं प्रकरण नाही. आपल्याकडे प्रवचनात आठव्यावरून थेट बाराव्यावर उडी मारतात, याचं मला फार वाईट वाटतं.

उत्पत्ति १५ उघडून बघा. अब्रामाने, म्हणजे पुढच्या अब्राहामाने, जनावरं कापून त्यांचे तुकडे समोरासमोर मांडले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत. मोडला तर आमचीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. इथे अब्राम गाढ झोपेत आहे. धुराची भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते, म्हणजे देव एकटाच जातो. अब्रामाकडून चालण्याची अट नाहीच. हा करार माणसाच्या वागणुकीवर उभा असता तर तो सीनायच्या पायथ्याशी, सोन्याचं वासरू केलं त्याच दिवशी संपला असता.

आणि आपण कुठे बसून हे बोलतो आहोत ते विसरू नका. कोकणातल्या यहुद्यांच्या, म्हणजे बेने इस्रायल समाजाच्या, परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळच्या नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांना तिथेच किनाऱ्यावर पुरलं. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. नवगावकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर ही आडनावं त्यांचीच. ग्रंथ हातात नव्हते, हिब्रू विसरली होती. पण सुंता राहिली, शब्बाथ राहिला, आणि "हे इस्राएला, ऐक" ही प्रार्थना राहिली. देवाने टाकलेली माणसं अशी असतात, हे मला कुणी शास्त्रातून दाखवून द्यावं.


बाणकोट

ताई, कळकळ पोचली. पण इस्राएलाला बाजूला करून त्याची वचनं मंडळीच्या नावावर झाली, असं आम्ही प्रेस्बिटेरियन (कॅल्विनच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) लोक म्हणतच नाही, हे आधी नोंदवतो.

आमच्या शिकवणीत कृपेचा करार एकच आहे. आदाम पडल्यापासून शेवटापर्यंत एकच. अब्राहाम, मोशे, दावीद आणि मग ख्रिस्त, ही त्याच कराराची एकामागून एक आलेली रूपं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनने हेच लिहिलं की पूर्वजांशी केलेला करार आणि आपल्याशी केलेला करार गाभ्याने एक आहेत, फक्त तो राबवण्याची रीत वेगळी. १६४० च्या दशकात लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने तेच विश्वासपत्रात घातलं. तेव्हा मंडळी इस्राएलाच्या जागी आली असं नसून इस्राएलाचीच वेस रुंदावली आणि विदेशी, म्हणजे यहुदी नसलेले, आत आले. इफिसकरांस २ मध्ये मधली भिंत पाडल्याचं आहे. दोन घरं बांधल्याचं नाही.

आता अडचण. गलतीकरांस ३:२९ म्हणतं, तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाचं संतान आणि वचनाप्रमाणे वारस आहात. रोमकरांस ९:६ म्हणतं, इस्राएलाच्या वंशातले सगळेच इस्राएल नाहीत. इब्री ८:१३ पहिल्या कराराला जुना आणि नाहीसा होण्याच्या बेतात असलेला म्हणतं. ही वचनं तुमच्या मांडणीत कुठे बसतात? रक्ताच्या नात्यावर काहीच अवलंबून नाही, हे पौलाने अब्राहामाच्याच वंशातले पण वचनाबाहेर राहिलेले इश्माएल आणि एसाव यांची उदाहरणं देऊन दाखवलंय.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत "तुझं राज्य येवो" या मागणीचा अर्थ सांगताना यहुद्यांना पाचारण व्हावं म्हणून प्रार्थना करावी असं दिलं आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना विसरून टाकलं नव्हतं.


दीपस्तंभ

प्रभूमध्ये सलाम. दोघांचं वाचलं. मला वाटतं दोघेही मुद्द्याला वळसा घालताय.

उत्पत्ति १५ मध्ये देवाने नुसतं "मी तुझ्याबरोबर आहे" असं म्हटलं नाही. त्याने जमीन दिली, सीमा सांगितल्या, मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंत. ताई, तुम्ही म्हणता करार मोडलेला नाही. मग त्यातली जमीन कुठे गेली? संतान खरं, आशीर्वाद खरा, आणि जमीन तेवढी "आध्यात्मिक" हा कुठला न्याय? यहेज्केल ३७ मध्ये सुकलेल्या हाडांना देव म्हणतो, मी तुम्हाला इस्राएलाच्या भूमीत नेईन. १४ मे १९४८ ला इस्रायल राष्ट्र उभं राहिलं ते आमच्या मंडळीतले म्हातारे डोळ्यांत पाणी आणून सांगायचे.

मंडळी आणि इस्राएल हे देवाचे दोन वेगळे लोक आहेत असं आम्ही मानतो. मंडळीला प्रभू वर घेऊन जाईल (१ थेस्सल. ४), मग महासंकट, मग इस्राएलाचा पश्चात्ताप आणि हजार वर्षांचं राज्य. बाणकोट दादा दोन्ही एकत्र कालवतात, त्यामुळे संदेष्ट्यांची निम्मी वचनं पोकळ होतात.


चौलवाट

दोघांना एकत्र उत्तर देते, लांबेल जरा.

बाणकोट दादा, ९:६ मलाही मान्य आहे. पण पौल तिथे थांबत नाही. ११:१ ला तो स्वतःच विचारतो, देवाने आपल्या लोकांना टाकलं काय? आणि उत्तर देतो, कधीच नाही, मीही इस्राएलीच आहे. अकराव्यात "इस्राएल" म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर येशूला न मानणारे त्याचे भाऊबंदच आहेत, कारण त्यांच्याचबद्दल तो म्हणतो की सुवार्तेच्या बाबतीत ते विरोधक, पण निवडीच्या बाबतीत पूर्वजांमुळे प्रिय. देवाची दानं आणि पाचारण मागे घेतली जात नाहीत (११:२९), हे वाक्य त्यांनाच उद्देशून आहे. आपण ते लग्नात आणि पाळकांच्या दीक्षाविधीत वापरतो आणि मूळ कुणाबद्दल होतं तेच विसरतो.

इब्री पत्राचंही बघा. आठवा अध्याय ज्या यिर्मया ३१ चा लांबलचक उतारा देतो, तिथे नवा करार कुणाशी होणार आहे? इस्राएलाच्या घराण्याशी आणि यहूदाच्या घराण्याशी. विदेश्यांचं तिथे नावही नाही. आणि लगेच पुढच्या ओळींत यिर्मया सांगतो, सूर्य, चंद्र आणि तारे यांचे नियम जोवर टळत नाहीत तोवर इस्राएलाचा वंश राष्ट्र म्हणून माझ्यासमोर राहील. नवा करार हा त्यांच्याच घरातला आहे. आपण पाहुणे म्हणून आत आलो आणि घरच्यांसारखे झालो, ही कृपा.

रोमची परिस्थितीही मुलांना सांगायला हवी. सुमारे इ.स. ४९ मध्ये सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून घालवलं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला करिंथात आले ते त्यामुळेच, प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये आहे. मागे उरलेली मंडळी विदेश्यांची झाली. क्लौद्यानंतर यहुदी विश्वासी परत आले तेव्हा त्यांना आपल्याच मंडळीत परकं वाटलं असणार. "आता घर आमचं" असं म्हणणाऱ्यांना पौलाने लिहिलं: गर्व करू नको, मुळाला तू धरून ठेवलेलं नाहीस, मूळ तुला धरून आहे. इतकी सरळ ताकीद असूनही पुढे काय झालं? दुसऱ्या शतकात जस्टिन हुतात्मा या ख्रिस्ती लेखकाने लिहून टाकलं की खरं इस्राएल आता आम्हीच. मार्कियोन नावाचा शिक्षक तर बायबलचा जुना करार हा भागच फेकून द्यायला निघाला. त्याला रोमच्या मंडळीने १४४ साली बाहेर काढलं हे बरंच झालं. पण ग्रंथ ठेवायचा आणि त्या ग्रंथाच्या लोकांना घालवायचं, ही सवय राहिलीच. प्रोटेस्टंट धर्मसुधारक लूथरने १५२३ मध्ये यहुद्यांशी प्रेमाने वागा म्हणून लिहिलं आणि १५४३ मध्ये त्यांची सभास्थानं जाळा म्हणून लिहिलं. तो आमच्या घरचाच माणूस आहे, म्हणून हे मला जास्त लागतं.

दीपस्तंभ दादा, जमिनीचा प्रश्न टाळत नाही. वचन जमिनीचं होतं आणि ते मी पुसत नाही. पण लेवीय २५:२३ मध्ये देव म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे आणि पाहुणे आहात. आमोस ९:७ मध्ये तो विचारतो, तुम्ही मला कूशी (आफ्रिकेतल्या) लोकांसारखेच नाही का? संदेष्टे जमिनीबद्दल बोलतात तेव्हा विधवा, अनाथ आणि परका यांच्याशी कसं वागता हेही त्याच दमात विचारतात. तेव्हा वचनावर बोट ठेवून आजच्या कोणत्याही सरकारच्या प्रत्येक कृतीला आमेन म्हणणं मला शास्त्रात सापडत नाही. बेथलेहेमात आजही ख्रिस्ती कुटुंबं आहेत. पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी २००९ मध्ये "कैरोस पॅलेस्टाईन" म्हणून निवेदन काढून जगभरच्या मंडळ्यांना कळवलं की शास्त्राचा वापर आमच्यावरच्या अन्यायासाठी करू नका. तेही आपलेच भाऊबहीण आहेत. त्यांचं म्हणणं न ऐकता यहेज्केल वाचणं मला जमत नाही.

आणि ही शिकवण मांडणारे डार्बी (१८००–१८८२) यांच्या आधी मंडळी आणि इस्राएल यांना असं वेगळं कापून ठेवलेलं कुठे दिसतं? १९०९ साली तीच शिकवण देणाऱ्या स्कोफील्डच्या टिपांसह बायबल छापलं गेलं आणि त्या टिपा घरोघरी शास्त्राइतक्याच मानाने वाचल्या गेल्या.


वेंगुर्ले_बागायत

मी शास्त्राचा अभ्यासक नाही, आंब्याचा बागायतदार आहे. पण रोमकरांस ११ हा कलमांचा अध्याय आहे, तेव्हा दोन शब्द.

आपण हापूसचं कलम कसं बांधतो? रायवळ आंब्याची कोय रुजवतो, रोप कोवळं असतानाच वरून छाटतो, मध्ये चीर देतो आणि हापूसच्या चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवतो. मूळ रानटी, फांदी उत्तम. फळ फांदीचं येतं. कोणताही शहाणा माळी असंच करेल.

पौल नेमकं उलटं सांगतो. झाड उत्तम, म्हणजे इस्राएल, आणि त्यावर काडी रानटी जैतुनाची, म्हणजे आपण विदेशी! आमच्याकडे हापूसच्या बुंध्यावर कुणी रायवळची काडी बांधली तर लोक त्याला खुळ्यात काढतील. पण पौलाला हे कळत नव्हतं असं नाही, कारण २४ व्या ओवीत तो स्वतःच म्हणतो की तुला निसर्गाच्या उलट लावलं आहे. म्हणजे आपल्यातल्या गुणासाठी आपल्याला कुणी घेतलेलं नाही. कलम करायची आपली लायकीच नव्हती.

दुसरं असं की तोडलेल्या फांद्या माळ्याने टाकून दिल्या नाहीत. त्यांना परत त्यांच्याच झाडावर लावायला देव समर्थ आहे, असं तो म्हणतो. दोन दिवस ऊन खाल्लेली काडी आम्ही कलमाला घेत नाही, ती जगत नाही. देव मात्र घेतो म्हणे. हे वाचताना मी दरवेळी थांबतो.

आणि झाड एकच आहे, दीपस्तंभ भाऊ. दोन झाडं असती तर कलमाची गरजच नव्हती.


बाणकोट

वेंगुर्लेकर, तुमच्या शेवटच्या ओळीला माझा पूर्ण दुजोरा. एक झाड.

पण २३ वी ओवी पूर्ण वाचा. "ते अविश्वासात राहिले नाहीत तर" त्यांना पुन्हा लावलं जाईल. अट आहे तिथे. ताईंचा करार बिनशर्त आणि पौलाची फांदी विश्वासाच्या अटीवर, यांचा मेळ मला अजून दिसलेला नाही.


कोर्लईकर

आम्ही कॅथलिक, कोर्लईचे. आमच्या गावात अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. चौल-रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगिजांकडे होतं. त्यामुळे या विषयाकडे बघताना गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्म न पाळणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, मला बाजूला ठेवता येत नाही. १५६० मध्ये ते सुरू झालं आणि मधल्या काही वर्षांचा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. सुरुवातीला त्याचा रोख होता तो पोर्तुगालमधून आलेल्या "नव्या ख्रिस्त्यांवर", म्हणजे ज्यांच्या घरच्या यहुद्यांना बळाने बाप्तिस्मा दिला होता त्यांच्यावर. गार्सिया द ओर्ता हे वैद्य आणि वनस्पतींचे मोठे जाणकार १५६८ मध्ये वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, जाळण्यात आलं. १५८० मध्ये खुद्द त्यांची हाडं उकरून जाळली. शनिवार पाळण्याच्या संशयावरून माणसाच्या अस्थीही सोडल्या नाहीत. आणि त्याच किनाऱ्यावर, थोडं वर, शनवार तेली कुणाच्याही त्रासाशिवाय शनिवार पाळत होते, शेजारच्या हिंदू आणि मुसलमान गावकऱ्यांमध्ये. हे आपण ख्रिस्ती म्हणून मान खाली घालून वाचायला हवं.

आमच्या चर्चने यावर खूप उशिरा, पण स्पष्ट भूमिका घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ ला इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर केला. त्याच्या चौथ्या भागात रोमकरांस ११ चंच जैतुनाचं झाड आहे. येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही, आणि त्यांना देवाने नाकारलेले किंवा शापित म्हणू नये, असं तिथे लिहिलंय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० मध्ये जर्मनीत माइन्झ इथे यहुदी प्रतिनिधींशी बोलताना जुना करार देवाने कधीच रद्द केलेला नाही, असे शब्द वापरले. १३ एप्रिल १९८६ ला ते रोमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, गेले.

गुड फ्रायडेची प्रार्थना आठवा. पूर्वी त्यात यहुद्यांसाठी अपमानाचा शब्द होता, तो पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ मध्ये काढला. १९७० च्या मिस्साग्रंथापासून आपण मागतो की देवाचा शब्द ज्यांनी प्रथम ऐकला त्यांनी त्याच्या नावावरच्या प्रेमात आणि कराराच्या निष्ठेत वाढावं. माझ्या आजीने जुनी प्रार्थना लॅटिनमध्ये ऐकली, मी नवी मराठीत म्हणतो.


नवी_पालवी

मी वयाने लहान आहे, सांभाळून घ्या. पण सगळे गोल फिरताय असं वाटलं. मला सरळ उत्तर हवंय. येशूशिवाय तारण आहे की नाही? करार मोडलेला नसेल तर यहुद्यांना येशूची गरज काय? आणि गरज असेल तर करार पुरेसा नव्हता असंच झालं ना?


सागरगड

मी ख्रिस्ती नाही. बेने इस्रायल आहे, मूळचा अलिबागकडचा, आता ठाण्यात. धागा दोन दिवस वाचतोय. तुमच्या घरातली चर्चा आहे म्हणून गप्प होतो, पण आमच्याबद्दलच चाललंय तर बोलतो.

चौलवाट ताईंनी आदराने लिहिलंय, त्याबद्दल आभार. पण एक सांगतो, आम्ही कुणाच्या वेळापत्रकातली खूण म्हणून जगत नाही. दीपस्तंभ यांच्या मांडणीत आम्ही शेवटच्या दिवसांचा पुरावा आहोत, काहींच्या मांडणीत देवाच्या कोपाचा. आमच्या घरात करार म्हणजे आठव्या दिवशीची सुंता, दारावरची मेझुझा (शास्त्रवचनाची डबी), शुक्रवारी संध्याकाळचे दिवे, आणि नवस फेडायला मलिदा: पोहे, नारळ, साखर, फळं, आणि एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यांच्या रथाच्या खुणा असलेला खडक आहे, "टापा" म्हणतात. आम्ही तिथे जातो ते कुठला वाद जिंकायला नव्हे.

मिशनरी मंडळींबद्दल आमच्याकडे कडवटपणा नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकन मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं. त्यांच्या शाळांत आमची मुलं शिकली आणि आमचेच लोक मास्तर झाले. स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, कोकणात राहून मराठी शिकले आणि १८३२ मध्ये त्यांनी आमच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. आम्ही येशूकडे वळावं ही त्यांची इच्छा होती. आमच्यातले फारच थोडे गेले. बाकीच्यांनी त्या व्याकरणातून हिब्रू घेतली, मराठीतून शास्त्र वाचलं, कोचीनहून आलेल्या आमच्या शिक्षकांकडून प्रार्थना शिकले आणि पूर्वीपेक्षा जाणते यहुदी झाले. रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ चं, अलिबागचं १८४८ चं, म्हणजे त्याच काळातलं. विल्सनसाहेबांचे उपकार आमची जुनी माणसं मानायची, ते याच कारणाने.

"खरं इस्राएल कोण" हा प्रश्न आम्हाला आमच्याच लोकांनीही विचारलाय. इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांच्या लग्नांवरून तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी शंका काढली. कोकणातल्या आजी-पणजीचा वंश सिद्ध करा म्हणाले. लोकांनी उपोषणं केली, धरणी धरली, तेव्हा १९६४ मध्ये ते मिटलं. त्यामुळे दुसऱ्याचं नाव पुसून आपलं लिहिणं काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे.

नवी पालवी यांच्या प्रश्नावर आमची बाजू थोडक्यात. यहुदी धर्मात इतरांना देवाजवळ यायला यहुदी व्हावं लागत नाही. नोहाच्या वंशजांना म्हणजे सगळ्या माणसांना सात आज्ञा आहेत. त्या पाळणाऱ्या नीतिमान माणसाला येणाऱ्या जगात वाटा आहे. तुम्ही आम्हाला आत घेण्याची वाट बघताय, आम्ही तुम्हाला बाहेर मानलेलंच नाही.


दीपस्तंभ

सागरगड, तुम्हाला दुखवायचा हेतू नव्हता. पुरावा म्हणून बघणं आणि माणूस म्हणून बघणं यांत फरक पडतो, हे तुमचं म्हणणं मी मनावर घेतो.

ताई, डार्बींबद्दल: शिकवण कधी लिहिली गेली यावरून तिची सत्यता ठरत नाही. आणि हजार वर्षांचं राज्य ही डार्बींची कल्पना नव्हेच. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनेयस ते मानत होता. तुम्ही ज्या जस्टिनचं नाव घेतलं तोही नव्या यरुशलेमेतली हजार वर्षं मानायचा. सरकारांबद्दल तुमचं मान्य. अनुवाद २८ मध्ये आज्ञा मोडल्यावर हद्दपारी सांगितलीच आहे, तेव्हा राष्ट्राला जाब विचारला जातो. पण हद्दपारीनंतर अनुवाद ३० मध्ये परत आणणंही आहे. त्या जमिनीचं वचन मी सोडणार नाही.


चौलवाट

जस्टिनबद्दलची आठवण बरोबर आहे. हजार वर्षांचं राज्य आणि "आम्हीच खरं इस्राएल" ही दोन्ही मतं एकाच माणसात होती, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

नवी पालवी, तुला सरळ उत्तर. माझा विश्वास आहे की तारण येशूमध्येच आहे. प्रेषितांची कृत्ये ४:१२ मी खाली ठेवणार नाही. ते वाक्य पेत्राने, स्वतः यहुदी असलेल्या माणसाने, यरुशलेमेत यहुदी पुढाऱ्यांसमोर उच्चारलं. तेव्हा "यहुद्यांचा एक मार्ग, आपला दुसरा" हे मला पटत नाही. पटलं असतं तर पौलाने ९:३ मध्ये आपल्या भाऊबंदांसाठी स्वतः शापित व्हायची तयारी कशाला दाखवली असती? पण येशू हा कराराबाहेरून आणलेला उपाय नाही. अब्राहामाला दिलेलं वचन तोच पाळतो. करार पुरेसा नव्हता असं नाही. तो पुरा करणारा आला.

बाणकोट दादांच्या २३ व्या ओवीबद्दल. विश्वासाची अट फांदीला आहे आणि वचन मुळाला आहे. विश्वास कधी आणि कसा येणार हे पौल स्वतः सांगत नाही. विदेश्यांची भरती पूर्ण झाल्यावर सर्व इस्राएलाचं तारण होईल असं म्हणतो, आणि पुढे हिशोब मांडायच्या जागी देवाच्या ज्ञानाच्या खोलीपुढे स्तुती गातो. मी तिथवरच जाते.


बाणकोट

रहस्य म्हणून थांबणं मला पुरेसं वाटत नाही, ताई. पौलाने स्तुती गायली, पण त्याआधी दहाव्यात "ते कसे ऐकतील" हेही विचारलं. आपण बोलायचंच नाही का? सागरगड यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो.


कोर्लईकर

बाणकोट, आमच्याकडे नेमका हाच पेच २०१५ च्या डिसेंबरात व्हॅटिकनच्या आयोगाने मांडला. रोमकरांस ११:२९ हेच त्या निवेदनाचं शीर्षक. त्यात म्हटलंय की यहुदी देवाच्या तारणात सहभागी आहेत यात शंका नाही. ख्रिस्ताला उघडपणे न स्वीकारता ते कसं, हे देवाचं अथांग रहस्य आहे. यहुद्यांसाठी वेगळी संस्थात्मक मिशनकार्यं चर्च चालवत नाही आणि त्यांना पाठिंबाही देत नाही. साक्ष मात्र द्यायची, तीही नम्रपणे, होलोकॉस्टची आठवण ठेवून. त्यात सगळं सुटलं असं मी म्हणत नाही.


चौलवाट

दादा, बोलायचं नाही असं मी म्हणत नाही. कुणी विचारलं तर मी माझ्या प्रभूचं नाव लपवणार नाही. पण ज्यांच्या घरातून मला शास्त्र मिळालं त्यांना मी "तुमचं संपलं" असं सांगून सुरुवात करणार नाही, आणि मुलांनाही तसं शिकवणार नाही. अकराव्या अध्यायाला आम्ही दोन रविवार देणार आहोत. वेंगुर्लेकर, तुमचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवला तर चालेल ना?

सागरगड, एक विनंती. मुलांना अलिबागचं सिनेगॉग दाखवायचं मनात आहे. कुणाशी बोलावं, कधी यावं? पंधरा-सोळा मुलं असतील.


वेंगुर्ले_बागायत

चालेल. जमलं तर एक कोय आणि हापूसची काडी घेऊन जा आणि मुलांच्या हाताने बांधून दाखवा. पावसात करा, म्हणजे जगेल.


सागरगड

अवश्य आणा. शनिवार आणि सणाचे दिवस सोडून कुठलाही दिवस चालेल. इस्रायल आळीत विचारलं की कुणीही दाखवेल, पण आधी कळवलंत तर मी माझ्या चुलत्यांना सांगून ठेवतो, किल्ली उघडायला कुणी तरी हवं. मुलग्यांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर रुमाल चालेल. तोराच्या (शास्त्राच्या गुंडाळ्यांच्या) कपाटाला हात लावू नये. फोटो आधी विचारून. आणि सोबत येणाऱ्या मोठ्यांना सांगा, पत्रकं आणू नका. प्रश्न आणा, चुलत्यांना बोलायला आवडतं.